बत्तीसपट लहान दुकान

दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करणाऱ्या मुलांना एक गोष्ट कधी खुपत नाही. बालेकिल्ल्याच्या दरवाजावर पहारा देणारा मावळा त्या दरवाजाहून उंच असतो आणि तटाखाली ठेवलेला वाघ तोफेच्या दुप्पट. खेळात ते शोभूनही दिसते. पण तोच किल्ला कोणी 'हुबेहूब' म्हणून दाखवू लागले, तर पाहणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न मावळ्याचाच येईल: हा गडी आत शिरायचा कसा? प्रमाणबद्ध देखावा, ज्याला डायोरामा म्हणतात, तो या प्रश्नाच्या जिवावर उभा असतो. या प्रकरणात उदाहरणाला घेतली आहे ती अमेरिकेतल्या डेटन शहरातली विल्बर आणि ऑर्व्हिल राइट यांची कार्यशाळा, म्हणजे वेस्ट थर्ड स्ट्रीटवरचे ११२७ क्रमांकाचे सायकलींचे दुकान. पुढे दुकान, मागे यंत्रे, आणि त्या मागच्या बाजूला १९०३ सालचे विमान तुकड्यातुकड्याने तयार झाले. माझे म्हणणे एवढेच आहे की अशा जागेचा प्रमाणबद्ध नमुना मन लावून केला, तर तो इतिहासाचा पुरावा तपासण्याचे साधन होतो. आणि हे साधन नुसत्या विमानाच्या नमुन्यापेक्षा कार्यशाळेच्या नमुन्यात अधिक धारदार असते.

कारण साधे आहे. लिहिणाऱ्याला गप्प बसता येते, नमुना करणाऱ्याला येत नाही. 'त्यांनी मागच्या खोलीतल्या लेथवर शाफ्ट कातला' हे वाक्य पुस्तकात पूर्ण होते. लेथ कोणत्या भिंतीला होता, खिडकी त्याच्या डावीकडे की उजवीकडे, त्याला फिरवणारा पट्टा कुठून खाली येत होता, याबद्दल लेखक अवाक्षरही काढत नाही आणि वाचकही विचारत नाही. नमुना करणारा मात्र बोटभर लांबीचा लेथ चिमट्यात धरून बसलेला असतो. त्याला तो कुठेतरी ठेवावाच लागतो. आणि 'कुठेतरी' म्हणजे कुठेही नव्हे. राइट बंधूंच्या दुकानातली यंत्रे एका शाफ्टवर चालत. गॅसवर चालणारे एक सिलिंडरचे इंजिन त्यांनी स्वतःच बनवले होते. ते छताजवळून जाणारा लाइन शाफ्ट फिरवी आणि त्याच्यावरच्या पुल्यांवरून कातडी पट्टे लेथ, ड्रिल अशा यंत्रांवर उतरत. जुने कारखाने पाहिलेल्या कोणालाही ठाऊक असते की अशा मांडणीत यंत्राची पुली वरच्या पुलीच्या ओळीत यावी लागते, नाहीतर पट्टा घसरतो. लेथचा कणा शाफ्टला समांतर राहावा लागतो. म्हणजे शाफ्टची रेघ एकदा पक्की झाली, की यंत्रांच्या जागा बऱ्याच आवळल्या जातात. एका यंत्राची जागा फोटोवरून कळली, तर बाकीच्यांची शक्यता दहावरून दोन-तीनवर येते. हे ज्ञान कोणत्याही चरित्रात लिहिलेले नसते. ते पट्टा बसवताना मिळते.

छोट्या खोल्यांतून मोठे प्रश्न सोडवण्याची कल्पना नवी नाही. १९४० च्या दशकात फ्रान्सिस ग्लेसनर ली या अमेरिकन बाईंनी संशयास्पद मृत्यूंच्या जागा एकास बारा प्रमाणात उभ्या केल्या, त्या पोलिसांना जागेची पाहणी शिकवण्यासाठी. खुर्ची कलंडलेली आहे ती कोणत्या बाजूला, दिवा चालू आहे की बंद, हे तिथे सजावट म्हणून आलेले नव्हते. साक्ष म्हणून आले होते. कार्यशाळेचा डायोरामा याच जातीचा. फरक एवढा, की इथे गुन्ह्याऐवजी शोध लागलेला असतो.

आता पुरावा काय आहे ते पाहू. राइट बंधू स्वतः हौशी छायाचित्रकार होते आणि त्यांच्या काचेच्या निगेटिव्ह आज अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. १९१३ सालच्या मार्चमध्ये डेटनला मोठा पूर आला. त्यात या काचाही भिजल्या आणि काहींवर पाण्याचे डाग कायमचे राहिले. दुकानातल्या कामाची छायाचित्रे आहेत ती १८९७ सालची: एकात विल्बर लेथपाशी आहे, दुसऱ्यात ऑर्व्हिल आणि एक बालमित्र सायकलच्या चौकटी कानशीने घासताहेत. ती अमोल आहेत, पण १९०३ च्या सहा वर्षे आधीची आहेत. सहा वर्षांत कोणते दुकान हललेले नसते? शिवाय त्या काळच्या काचांचा एक खोडसाळ स्वभाव आहे. त्यांच्यावरचा लेप निळ्या प्रकाशाला तिखट आणि लाल रंगाला जवळजवळ आंधळा होता. त्यामुळे लाल वस्तू फोटोत काळी येई आणि निळी वस्तू फिकट. फोटोत गडद दिसली म्हणून चौकट काळी रंगवणारा माणूस कदाचित लालभडक सायकल काळी करून ठेवत असेल. इथे पुरावा डोळ्यांसमोर असतो आणि तरी चुकीचे सांगतो. तो वाचायला छायाचित्रणाचे रसायन माहीत असावे लागते.

प्रमाण कोणते घ्यायचे, यावर या छंदातली माणसे तासन्‌तास भांडू शकतात. एकास बहात्तर लहान पडते, एकास सोळा घराबाहेर काढते. एकास बत्तीस घेतले, तर पावणेसहा फुटी माणूस साडेपाच सेंटिमीटरचा होतो आणि ४० फूट ४ इंच पंखांचे विमान ३८ सेंटिमीटरांत मावते. हे ठरले, की वस्तू आपापले स्वभाव दाखवू लागतात. साडेआठ फुटांचा पंखा, तीन फळ्या एकमेकींवर चिकटवून हातकुऱ्हाडीने आणि दोन्ही हातांनी ओढायच्या सुऱ्याने तासलेला, आठ सेंटिमीटरांचा होतो. तो खऱ्या लाकडातून कोरता येतो आणि कोरावाच. सायकलच्या चाकाची दोन मिलिमीटर जाडीची तार मात्र ०.०६ मिलिमीटरवर येते, म्हणजे माणसाच्या केसाएवढी. हाताने ती ओवण्यात अर्थ नाही. ॲसिडने कोरलेल्या पातळ पितळी पत्र्यातून तयार चाके कापावी लागतात आणि तरी ती किंचित जाडच राहतात. पाच मिलिमीटर जाडीचा कातडी पट्टा दोन कागदांच्या जाडीचा होतो. सगळ्यात फसवा असतो तो भुसा. खऱ्या रंध्याखालचा भुसा आणून फरशीवर टाकला, तर त्याचा अर्ध्या मिलिमीटरचा कण त्या जगात दीड सेंटिमीटरचा खडा ठरतो. फळ्या तासल्यासारखे न दिसता खडी अंथरल्यासारखे दिसते. म्हणून भुसा दळून, वस्त्रगाळ करून घ्यावा लागतो. अशा ठिकाणी समजते की लहान करणे म्हणजे भागाकार नव्हे. काही गोष्टी मोजून लहान होतात, काही फक्त डोळ्याला लहान भासवाव्या लागतात, आणि कोणती कशात मोडते हा निर्णय करणाऱ्याचा असतो.

पण खरी परीक्षा मापाची नसते, तारखेची असते. हौशी डायोरामात राइट बंधूंचे सगळे पराक्रम एकाच खोलीत कोंबलेले असतात: कोपऱ्यात हवेचा बोगदा, टेबलावर इंजिन, भिंतीला टेकलेले पंख, मध्ये हसणारे दोघे भाऊ. असा क्षण कधी आलाच नाही. लाकडी बोगदा, सहा फूट लांब आणि सोळा इंच चौकोनी तोंडाचा, १९०१ च्या शरदातला आहे. त्यात पत्र्याचे दोनशेच्या आसपास छोटे पंख तपासले गेले आणि ते तोलणारे काटे सायकलच्या तारा नि हॅक्सॉची पाती यांचे होते. इंजिन १९०३ चे. ते चार्ली टेलर या त्यांच्या कारागिराने सहा आठवड्यांत बनवले. त्याचा क्रँकशाफ्ट करताना सुमारे ४५ किलोच्या पोलादी ठोकळ्यावर आकृती आखून, कडेने भोके पाडून, उरलेला भाग छिन्नी-हातोड्याने उडवून मग तो लेथवर चढवला. तयार शाफ्ट भरला साडेआठ किलोच्या आसपास. १२ फेब्रुवारी १९०३ ला इंजिन पहिल्यांदा चालले आणि दुसऱ्याच दिवशी बेअरिंग अडकून त्याचे ॲल्युमिनियमचे धड फुटले. नवे ओतून येईपर्यंत वसंत उजाडला. म्हणजे 'इंजिनासह कार्यशाळा' असे म्हणायचे असेल, तर मार्च महिन्यातल्या टेबलावर फुटलेले धड पाहिजे. आणि १८९९ च्या उन्हाळ्याचा देखावा करायचा असेल, तर यातले काहीच नको. गल्ल्यापाशी सायकलच्या ट्यूबचे पुठ्ठ्याचे एक लांबट खोके पुरे. गिऱ्हाइकाशी बोलता बोलता विल्बरने ते हातात पिळले आणि पंख पिळून विमान तोलता येईल ही कल्पना त्याला सुचली. एकास बत्तीसमध्ये ते खोके फार तर बासमतीच्या दाण्याएवढे होईल. सगळ्या देखाव्यातली सर्वांत मोलाची वस्तू ती, आणि पाहणाऱ्याला दाखवल्याशिवाय दिसायची नाही.

आता ज्या एका गोष्टीसाठी हा सगळा खटाटोप मला सार्थ वाटतो, तिच्याकडे येतो. १९४८ साली, वयाच्या ऐंशीत, चार्ली टेलरने 'कोलियर्स' साप्ताहिकात आपली हकिगत सांगितली. त्यात तो म्हणतो की डेटनला पूर्ण विमान कधी जोडलेच नाही. दुकानात तेवढी जागाच नव्हती. मधला भाग जोडला, तेव्हा पुढच्या आणि मागच्या खोलीमधली वाट अडली, आणि गिऱ्हाईक आले की भावांना बाजूच्या दाराने बाहेर पडून वळसा घालून पुढे जावे लागे. वाचताना हे एक मजेदार वाक्य आहे. नमुन्यात ते मोजमापाचे साधन होते. विमानाच्या पंखाची रुंदी साडेसहा फूट. वरच्या आणि खालच्या पंखांत सहा फुटांहून थोडे अधिक अंतर. म्हणजे एकास बत्तीसमध्ये साधारण सहा सेंटिमीटर रुंद आणि तितकाच उंच असा खोका खोलीत ठेवायचा आहे, आणि तो अशा जागी, की त्याने वाट अडली पाहिजे, तरी दोन माणसांना त्याच्याभोवती हात चालवता आले पाहिजेत, आणि लेथही वापरता आला पाहिजे, कारण कामे थांबली नव्हती. तीन अटी एकाच वेळी पाळणाऱ्या जागा फार नसतात. शिवाय हा साक्षीदार पंचेचाळीस वर्षांनंतर बोलतो आहे. त्याची आठवण खरी की रंगवलेली? कागदावर हे ठरवता येत नाही. नमुन्यात निदान इतके ठरते, की ती शक्य आहे की अशक्य.

यावर पहिला आक्षेप उघड आहे. उरलेल्या जागा शेवटी अंदाजानेच भरायच्या ना? मग हे कादंबरी लिहिण्यापेक्षा वेगळे काय? आक्षेप खरा आहे आणि झटकून टाकण्यासारखा नाही. उलट डायोरामाचा धोका पुस्तकाहून मोठा आहे, कारण पुस्तकात 'बहुधा' लिहिता येते, पण 'बहुधा' रंगाची खुर्ची करता येत नाही. कल्पनेने ठेवलेली कानस आणि पुराव्याने ठेवलेली कानस सारख्याच चकाकतात. पण यावर उपाय आहे, आणि तो वस्तुसंग्रहालयांनी कधीच शोधून ठेवला आहे. उत्खननात सापडलेले फुटके मडके जोडताना हरवलेला भाग वेगळ्या रंगाच्या लेपाने भरतात. आकार कळतो आणि खोटेपणाही होत नाही. तेच इथे करावे. ज्याला छायाचित्राचा किंवा लेखी साक्षीचा आधार आहे, ते पूर्ण रंगवावे. ज्याला यंत्रशास्त्राच्या तर्काचा आधार आहे, ते एका फिक्या रंगात ठेवावे. आणि जे निव्वळ सोयीसाठी ठेवले, ते कोरे लाकूड राहू द्यावे. असा देखावा स्पर्धेत बक्षीस मिळवणार नाही, हे मान्य. बक्षिसे बहुधा गंजाला मिळतात. पण गंजाचाच विचार केला, तर या दुकानाला तो शोभतही नाही. राइट बंधू एका बिशपचे मुलगे; फोटोंत ते पांढरी कॉलर नि टाय लावून दिसतात, रविवारी काम करीत नसत. धूळ, तेल आणि जळमटे घालून केलेली 'जुनी कार्यशाळा' ही आपल्या मनातल्या जुनेपणाची मूर्ती असते. १९०३ साली ते दुकान जुने नव्हतेच.

दुसरा आक्षेप असा, की मूळ वास्तूच शिल्लक असताना नमुन्याची गरज काय. वास्तू शिल्लक आहे हे खरे, पण ती डेटनला नाही. हेन्री फोर्डने ती विकत घेतली, उचलून मिशिगनमधल्या डिअरबॉर्नला ग्रीनफिल्ड व्हिलेजमध्ये नेली आणि १६ एप्रिल १९३८ ला, विल्बरच्या जन्मदिवशी, तिचे उद्घाटन केले. आतली मांडणी जुळवायला त्याने चार्ली टेलरलाच कॅलिफोर्नियातून शोधून आणले; ऑर्व्हिलनेही मदत केली. यंत्रे हुडकली, जागा आठवल्या, जे नव्हते ते नवे केले. म्हणजे आज प्रवासी जे पाहतात, ते आठवणी आणि अवशेष जुळवून पस्तीस वर्षांनंतर मांडलेले दृश्य आहे, फक्त त्याचे प्रमाण एकास एक आहे. त्याला कमी लेखायचे कारण नाही. ज्यांनी तिथे काम केले त्यांनीच ते मांडले. पण तेही पुरावा तपासूनच वाचावे लागते, आणि खऱ्या वास्तूत लेथ हलवून पाहायला कोणी देत नाही. संगणकावरच्या त्रिमितीय नमुन्याचे म्हणाल, तर मापे जुळवायला तो निःसंशय बरा. फक्त पडद्यावरचा लेथ भिंतीतून आरपार सरकला, तरी मुद्दाम तपासल्याशिवाय तक्रार येत नाही. लाकडी भिंत लगेच अडवते.

मराठी वाचकाच्या मनात इथे एक नाव आलेले असणार, तेव्हा त्याला टाळून पुढे जाणे बरे दिसणार नाही. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली, म्हणजे राइट बंधूंच्या आठ वर्षे आधी, गिरगावच्या चौपाटीवर 'मरुत्सखा' नावाचे विमान उडवले, असे सांगितले जाते. मग त्यांच्या कार्यशाळेचा डायोरामा का करू नये? करायला हरकत काहीच नाही; हात घातला, की काय होते तेवढे पाहावे. यंत्राचे काम कशावर केले, सांगाडा कशाचा, शक्ती कशाची, पंख किती लांब, तो किनाऱ्यापर्यंत नेला कसा: पहिल्या पाच वस्तूंपैकी एकीलाही त्या काळच्या छायाचित्राचा, मोजमापाच्या आराखड्याचा किंवा शिल्लक तुकड्याचा आधार मिळत नाही. या दाव्याबरोबर ज्या 'वैमानिक शास्त्रा'चे नाव घेतात, त्याचा अभ्यास बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी १९७४ साली प्रसिद्ध केला. ग्रंथ विसाव्या शतकातला आणि त्यातली याने उडू न शकणारी, असा त्यांचा निष्कर्ष होता. वर सांगितलेला नियम लावला, तर तळपद्यांच्या कार्यशाळेत सगळेच कोरे लाकूड राहते. त्यांच्या हौसेचा किंवा बुद्धीचा त्यात अपमान नाही. पण मराठीत 'देखावा' या एकाच शब्दाला दोन अर्थ आहेत, आणि पुरावा नसलेल्या ठिकाणी दुसरा अर्थ लागू होतो. राइट बंधू श्रेष्ठ ठरतात ते अमेरिकन असल्यामुळे नव्हे; ते काचा, वह्या, पत्रे आणि साक्षीदार मागे ठेवून गेले म्हणून.

शेवटी माणसांविषयी, कारण तिथेही तारीख आपला हिशेब मागते. २३ सप्टेंबर १९०३ ला दोघे भाऊ डेटनहून उड्डाणाच्या छावणीकडे निघाले. छावणीत पंख्याचे पोकळ शाफ्ट तडकले, तेव्हा ३० नोव्हेंबरला ऑर्व्हिल एकटा परत यायला निघाला. त्याने दुकानात भरीव पोलादाचे नवे शाफ्ट केले आणि ११ डिसेंबरला तो पुन्हा छावणीत हजर झाला. सहा दिवसांनी विमान उडाले. म्हणून डिसेंबर १९०३ ची कार्यशाळा करायची असेल, तर तिच्यात विल्बर नको, विमानही नको. वरचा शाफ्ट फिरतो आहे, लेथवर एक पोलादी दांडा आहे, आणि खोली बरीचशी रिकामी आहे. हा प्रसंग निवडणारा मला अजून भेटायचा आहे. सगळ्यांना विमान हवे असते. तुम्हालाही ते हवेच असेल, तर १९०३ चा उन्हाळा घ्या, चार्ली टेलरला विसरू नका, आणि रंगाची बाटली उघडण्याआधी एक करा. नुसत्या पुठ्ठ्याच्या भिंती उभ्या करा, सहा सेंटिमीटरांचा मधला भाग आत ठेवा आणि साडेपाच सेंटिमीटरांच्या ऑर्व्हिलला मागच्या खोलीतून पुढच्या गल्ल्याकडे चालवत न्या. तो आतल्या आत सहज पोचला, तर भिंती पुन्हा मोजा.